बब्रुवानची दवंडी

आमचा बब्रुवान कोतवाल म्हणजे गावाचा भोंगा. तो शेजारच्या ईट गावच्या बाजारात खोकला तरी इथं कळतं, असं लोक त्याला चिडवतात आणि त्याला ते आवडतं. पुरानंतर तालुक्याहून फुकट सल्ला द्यायला वकीलबाई येणार म्हटल्यावर त्यानं गल्लोगल्ली हलगी बडवली.

"ज्याचं ज्याचं पुरात गेलंय, त्यानं मारुतीच्या पारावर यावं होऽऽ!"

पार त्यानंच ठरवला. तिथं सावली होती, चिखल नव्हता. आता आमच्याकडं सून पारासमोरून जाते ती डोक्यावर पदर घेऊन, चपला हातात धरून. वर चढणं तर लांबच. हे बब्रुवानला ठाऊक नव्हतं असं नाही, ध्यानातच आलं नाही. ध्यानात न येणं हा आम्हा पुरुषांचा जुनाच रोग.

पारावर पुरुषांची जत्रा भरली. सगळ्यांच्या पुढं आण्णासाहेब. त्यांचा धाकटा भाऊ गुंडाप्पा मेंढरं सोडवायला ओढ्यात उतरला तो परत आलाच नाही. मेंढरंही गेली. देह सापडला नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्यावाचून त्याच्या बायकोचं, हरणाबाईचं, नाव जमिनीला लागत नव्हतं. ती जमीन आपल्या नावावर कशी होईल, हे आण्णासाहेबांना विचारायचं होतं.

हरणाबाई चपला हातात घेऊन पाराजवळच्या आडापाशी उभी होती. बब्रुवान वकीलबाईंसाठी पाणी आणायला तिकडं गेला आणि सवयीनं खेकसला, "वैनी, मोठी मान्सं बसल्यात वर. घरी जावा."

ती गेली.

वकीलबाई हर्षाली मात्र पक्क्या. त्यांनी आण्णासाहेबांना विचारलं, "भावाची बायको कुठंय?"

"ती न्हाय यायची. तिला काय कळतंय यातलं?"

वकीलबाई बब्रुवानकडं वळल्या. "दवंडी तिच्यापर्यंत गेली होती ना?"

बब्रुवानचं तोंड उतरलं. "चला," एवढंच तो म्हणाला आणि त्यांना हरणाबाईच्या घरी घेऊन गेला.

"ताई, दवंडी ऐकली नाही का?" वकीलबाईंनी विचारलं.

"ऐकली की." हरणाबाईनं एकदा बब्रुवानकडं बघितलं आणि मान खाली घातली. "माजंच चुकलं. जनावरास्नी पानी पाजायचं व्हतं, म्हून आले न्हाय."

अंगणातला मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा होता. पाणी पाजायला तिच्याकडं एक कोकरूसुद्धा उरलं नव्हतं.

तिनं आपली चूक झाकली, हे बब्रुवानला कळलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या.

"खोटं बोलू नका, वैनी," तो म्हणाला. "बाईसाहेब, ही आल्ती. म्याच हाकलली."

गावभर ऐकू जाणारा आवाज, पण शेजारच्या घरातही कळला नसेल.

वकीलबाईंनी उंबऱ्यावरच बैठक मारली आणि हरणाबाईला पहिल्यापासून सांगायला सांगितलं. बब्रुवान अंगणात उभा राहिला. त्याला कुणी ये म्हणालं नाही आणि त्याची जायची हिंमत झाली नाही.