सैनिकाच्या पोटातलं रबर

गेल्या उन्हाळ्यापासून मला एका जागी बसवत नाही. टीव्हीसमोर बसलो की गॅलरीत जावंसं वाटतं, गॅलरीत गेलो की खाली जाऊन गाडी पुसावीशी वाटते. एका रविवारी गाडी तिसऱ्यांदा पुसायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, रंग जाईल तिचा. काय झालंय ते सांगा, नाहीतर डॉक्टरकडे चला."

सांगितलं नाही. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. आता लिहितोय, कारण ज्या बाईंना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं, आणि तरी बसवत नाहीच.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे रबराचे आणि प्लॅस्टिकचे बारीक पार्ट आमच्याकडे बनतात. पार्ट मापात बसला तर हिरवा टॅग, नाही बसला तर लाल. इतकी वर्षं हेच केलं. घरी, पिंपळे गुरवच्या फ्लॅटच्या बंद केलेल्या गॅलरीत माझं दुसरं टेबल आहे. तिथं मी खेळण्यातले जुने सैनिक दुरुस्त करतो. आम्ही शाळेत असताना ते दुकानात यायचे. मधल्या बोटापेक्षा जरासे उंच, गुडघा वाकायचा, कोपर वाकायचं, कमरेतून वळायचे. कॉलनीत ज्याच्याकडे असा एक सैनिक असे, तो पोरगा खेळाचा कप्तान. माझ्याकडे नव्हता. आता पन्नाशी ओलांडल्यावर लोकांचे माझ्याकडे येतात: माळ्यावरून निघालेले, बाजारात मिळालेले, अंगठा तुटलेले, रंग उडालेले. बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं सरकारी हॉस्पिटल आहे आत. लष्करी वॉर्ड."

सगळ्यात जास्त येणारा आजार म्हणजे कंबर सुटणं. या सैनिकाच्या पाठीत एकच बारीक स्क्रू असतो. तो काढला की छाती आणि पाठ शिंपल्यासारखी उघडते. आत एक काळी रबरी रिंग असते. ती वर एका खुंटीला आणि खाली पाय धरणाऱ्या लोखंडी हुकाला अडकवलेली. त्या एका रबरावर सैनिक उभा असतो. तीसेक वर्षांत रबर मरतं आणि माणूस दोन तुकडे होऊन पडतो. उघडायचं, मेलेलं रबर फेकायचं, आतलं पुसायचं, नवीन रिंग घालायची, स्क्रू हाताने आवळायचा. वीस मिनिटांचं काम. शेकडो वेळा केलंय.

वाकडहून एक बाई आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, आयटीत नोकरी, बारीक कापलेले केस. आल्या त्या थेट टेबलाशी. रुमालात गुंडाळलेला सैनिक काढला, वरचा अर्धा वेगळा, पाय वेगळे. "माझ्या दादाचा आहे," म्हणाल्या. दादा कॉलेजात असतानाच तापाने गेला होता. आई आता त्यांच्याजवळ राहते. आवराआवरीत ट्रंकेच्या तळाशी हा सापडला. "आईला उभा करून दाखवायचाय, सर. एवढंच." मला कंपनीत कोणी सर म्हणत नाही. मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी शिफ्ट करून आलो आणि उघडला. आत नेहमीची रिंग नव्हती. दुसरंच काळं रबर होतं, दुपदरी करून त्याला गाठ मारलेली. चिकट झालेलं, मधोमध तुटलेलं. आणि गाठीत अडकलेला एक लांब काळा केस. चिमट्याने तो उचलून मी दिव्याखाली धरला. हे मला नीट आठवतं, म्हणून लिहितोय. मला तो दिसला नाही, अशी सबब माझ्याकडे नाही. दिसला. क्षणभर वाटलंही, हे घरच्या कोणीतरी केलेलं काम आहे. पण अंगात मुरलेली सवय: कामाची नाही ती वस्तू टेबलावर राहता कामा नये. रबर, केस, आतला भुगा, सगळं कागदावर लोटलं आणि कागद डब्यात. बुधवारी सकाळी घंटागाडी आली, डबा मीच खाली नेला.

गुरुवारी बाईंचा मेसेज आला. चांगला लांब होता. लहानपणी सैनिकाची कंबर सुटली तेव्हा दादाने वडिलांच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो उघडला होता, आणि शाळेत निघालेल्या बहिणीच्या, म्हणजे ह्यांच्याच, वेणीचं रबर ओढून काढून आत बसवलं होतं. ती एक वेणी सुटलेली घेऊन रडत शाळेत गेली, शाळेतल्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. "आईशी बोलताना आज हे आठवलं. ते रबर आत असेल ना सर? तुटलं असलं तरी प्लीज जपून ठेवा."

मी कंपनीच्या बसमध्ये होतो. भोसरीच्या चौकात बस अडकलेली. मी लिहिलं, "हो. ठेवलंय."

एवढे दोन शब्द. चुकून टाकलं, माफ करा, असं लिहायला फार तर चार-पाच शब्द लागले असते. का नाही लिहिले, ते मी स्वतःला खूपदा विचारलंय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल टॅग लावत आलो. माझ्या हातून चूक होते, हे एका अनोळखी बाईला कळू नये, एवढंच त्यामागे असावं. बस हलेपर्यंत तो मेसेज पुसता आला असता. मी फोन खिशात घातला.

पुढचं तर मी थंड डोक्याने केलं. मुलगी नोकरीला बंगळुरूला असते. तिच्या शाळेतल्या रिबिनी, पिना, रबरं बायकोने एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत. त्यातलं एक काळं रबर काढलं. दुपदरी केलं, गाठ मारली. पण ते जिवंत होतं, ताणलं की परत यायचं. रबर म्हातारं कसं होतं हे मला शिकवावं लागत नाही, पगार त्याचाच घेतो. आमच्या टेस्टिंग रूममध्ये ओव्हन आहे. नवं रबर त्यात दिवसेंदिवस तापवून ते काही वर्षांनी कसं होईल ते बघतात. मी त्याला तेलाचं बोट लावलं आणि ग्रोमेटच्या, म्हणजे वायरींभोवती बसणाऱ्या रबरी कड्यांच्या, नमुन्यांमागे ठेवून दिलं. चार दिवसांनी काढलं तेव्हा नखाने दाबताच भेग पडली. मधोमध ताणून तोडलं. थोडी धूळ चोळली. वाटलं, केसही घालावा का? बायकोचा कंगवा आरशाजवळच होता. नाही घातला. तेवढी लाज शिल्लक होती म्हणायची.

मग ते एका छोट्या पारदर्शक पिशवीत भरलं आणि वर चिठ्ठी डकवली: "मूळ रबर. आतून निघालेले." खाली सही. सहीशिवाय माझ्या हातून काहीच बाहेर जात नाही.

बाई घ्यायला आल्या. सैनिक टेबलावर दोन पायांवर उभा होता. त्यांनी आधी त्याला हात लावलाच नाही. पिशवी घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि गॅलरीच्या काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बायको पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि दारातच थांबली. "माझंच आहे," बाई म्हणाल्या. "असलीच रबरं होती तेव्हा." त्या गेल्यावर बायको मला म्हणाली, "चांगलं काम केलंत हो. आज पहिल्यांदा पटलं मला." त्या शब्दांपासून माझं बसणं संपलं.

टेबलावर पाच सैनिक पडून होते. एकाचाही स्क्रू काढवेना. रविवारी गाडी काढून वाकडकडे निघायचो, पुलापर्यंत जाऊन वळायचो. एकदा तर त्यांच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो. वॉचमनने विचारलं, "कोणाकडे?" मी म्हणालो, "पत्ता चुकला."

शेवटी कंपनीतल्या जोडीदाराला सांगितलं. तो चाकणच्याच जुन्या घरातला, माझ्याच खात्यात. कँटीनमध्ये डबा उघडता उघडता त्याने सगळं ऐकलं.

"एवढंच व्हय? मला वाटलं बाईचं लफडं हाय." त्याने भाकरी मोडली. "आरं राव, त्या माउलीला समाधान मिळालं ना? मंग तुझ्या बापाचं काय गेलं?"

"मी सही केलीय त्यावर."

"हां, सही केलीस." तो जरा वेळ चावत राहिला. "आन् लाइनवरल्या एखाद्या पोरानं असा खोटा टॅग लावला असता तर?"

"घरी बसवला असता त्याला."

"मंग," तो म्हणाला, आणि ठेच्याकडे वळला.

पुढच्या रविवारी सकाळी फोन करून गेलो. चौदावा मजला. बाईंनी दार उघडलं. चेहऱ्यावर हसू होतं, आणि तेच फार जड गेलं. आई आतल्या खोलीत पाठ असलेली पोथी म्हणत होत्या, पुटपुटणं ऐकू येत होतं. शोकेसमध्ये दादाच्या फोटोशेजारी सैनिक उभा. "बसा ना सर." मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि मग राहिलंच असतं. उभ्यानेच सांगितलं. घंटागाडी, मेसेज, मुलीचा डबा, ओव्हन. आवाज लहान ठेवला होता.

त्या सोफ्याच्या हातावर टेकल्या.

"तुमच्या मुलीचं आहे ते?"

"हो."

"आणि तुम्ही ते भाजलंत."

"हो."

"का?"

याचं उत्तर मी गाडीवर घोकत आलो होतो. पण ते बोलायच्या आतच त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारीच केली नव्हती.

"मग आत खरंच होतं का काही? की माझा मेसेज वाचून तुम्ही तेही…"

"होतं," मी म्हणालो. "शपथ सांगतो. दुपदरी, गाठ मारलेलं. गाठीत एक लांब केस होता. काळा."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर टाकल्याचंही सांगावं लागलं असतं."

"मग हे तरी मी कसं मानू, सर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. चिमट्यात तो केस धरून मी दिव्याखाली पाहिला होता. तेवढी एक खरी गोष्ट माझ्याजवळ होती, आणि माझ्या खोट्या चिठ्ठीने तीही कवडीमोल केली होती. माझ्याइतकं नक्की ते कोणाला माहीत नाही, आणि सांगणारा मीच, म्हणून ते कोणी मानायचं नाही.

आतलं पुटपुटणं थांबलं होतं. भिंतीला हात लावत त्यांच्या आई बाहेर आल्या. "हेच का गं ते सैनिकवाले?" मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा हात धरून ठेवला, मग कमरेच्या बटव्यातून ती पिशवी काढली. चिठ्ठीवरची माझी सही घासून फिकी झाली होती.

"मी हे रात्री उशाशी ठेवते हो. ही गाठ बघा," त्या म्हणाल्या. "त्याला सरळ गाठ कधी आलीच नाही. बुटाची नाडीसुद्धा असलीच वाकडी. मी रागवायचे. बघितल्या बघितल्या हिला म्हटलं, हा त्याचाच हात. दुसऱ्या कोणाचा असायचाच नाही." त्यांनी पिशवी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "तुम्ही उघडून बघितलंत. तुम्हालाही वाटलं असेल ना, पोराच्या हातची आहे म्हणून?"

बाई आईच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मान नाही हलवली, डोळेही नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. मी ज्या कामाला आलो होतो ते एका वाक्यात पुरं करता आलं असतं, आणि ती म्हातारी हातात पिशवी धरून तिथंच उभी राहिली असती.

"हो, काकू," मी म्हणालो. "लगेच कळलं."

"पोहे खाऊन जा," आई म्हणाल्या, आणि पिशवी परत बटव्यात गेली.

मी काम आहे म्हणालो. बाई लिफ्टपर्यंत आल्या. घराचं दार त्यांनी मागे ओढून घेतलं.

"तुम्ही मोकळं व्हायला आला होतात ना?"

मी लिफ्टच्या बटणाकडे हात नेला.

"आता रोज ती मला ते दाखवणार. आणि मी बघणार." बटण त्यांनीच दाबलं. "एक करा सर. आई आहे तोवर परत येऊ नका. तिच्यासमोर तुमचा चेहरा टिकत नाही. मी बघितलं आत्ता. तिची नजर अधू आहे म्हणून निभावलं."

लिफ्ट आली, दार उघडलं. आत आरसा होता. मी जिन्याकडे वळलो आणि चौदा मजले पायी उतरलो.