दादाचा वेल्समधला किल्ला

मंगळवार होता. दुबईत, ऊद मेथाला शाळेबाहेर गाडीत बसून मी मुलीची वाट बघत होतो. आमच्या मित्राचा, जोगळेकरचा फोन आला. "दादा गेला रे. साइटवरच, खुर्चीत बसल्या बसल्या." मुलगी आली, दप्तर मागे टाकून म्हणाली, "बाबा, कॅन वी गेट शावर्मा?" मी घेऊन दिला.

तेव्हापासून अल बर्शाच्या आमच्या ग्रुपमधलं कुणीही भेटलं की दादाचा एक किस्सा हातात ठेवून जातं. नको म्हणवत नाही. किती साठलेत! आणि त्यातले बरेचसे एकाच किल्ल्यावरचे.

माझ्या या थोरल्या भावाची मुलगी, रुचा, वेल्समध्ये नोकरीला आहे. तिच्या गावाजवळच्या टेकडीवर एक छोटासा पडका किल्ला आहे. तीन भिंती, अर्धा बुरूज, आत मेंढ्या. दर उन्हाळ्यात दादा रजा टाकून तिथे जायचा. आणि दर वर्षी मला म्हणायचा, "या वेळी तू चल." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला!"

*

पहिल्यांदा फोटो दाखवला तेव्हा जोगळेकर म्हणाला, "दादा, हा किल्ला आहे की पाडायला घेतलेली बिल्डिंग?"

दादा शांतपणे म्हणाला, "शेकडो वर्षं उभा आहे. तुझं बाथरूम आठ वर्षांत गळायला लागलं!"

*

तोच फोटो त्यानं मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पवर आपल्या जुन्या गवंड्याला, रामलालला दाखवला. रामलालनं तो मोठा करून करून पाहिला. कोपरे पाहिले, सांधे पाहिले.

"साब, पत्थर का काम एक नंबर है," तो म्हणाला. "छतवाला ठेकेदार भाग गया क्या?"

*

गडावर शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा, ही आमची लहानपणापासूनची सवय. दादानं तिथेही वाकून नमस्कार केला. शेजारच्या शेतातला म्हातारा मेंढपाळ धावत आला. "काही पडलं का तुमचं?" असं विचारून तो चष्मा लावून गुडघ्यांवर बसला आणि गवत चाचपायला लागला. थांबेचना!

शेवटी दादानं खिशातलं एक नाणं हळूच गवतात सोडलं आणि त्यालाच सापडू दिलं.

*

एका दिवाळीत बिल्डिंगमागे पोरांसाठी किल्ला करायचा ठरला. वाळवंटातली वाळू काही केल्या उभी राहीना, म्हणून दादा साइटवरून गाडीच्या डिकीत माती घेऊन आला. आणि केला काय? तर वेल्सचा किल्ला! अर्धा बुरूज मोजून अर्धाच. वर मावळे, खाली कापसाच्या मेंढ्या.

जोगळेकरच्या धाकट्यानं विचारलं, "अंकल, व्हेअर इज महाराज?"

"महाराज तिकडे कधी गेले नव्हते रे."

पोरगं म्हणालं, "दे शुड हॅव इन्व्हायटेड हिम!"

दादा हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काही लोकांना बोलावलं तरी येत नाहीत."

मी म्हणालो, "प्रोजेक्ट हँडओव्हर होऊ दे. मग नक्की."

*

शेवटचा किस्सा रुचानं परवा फोनवर सांगितला.

गेल्या उन्हाळ्यात किल्ल्यावर एक इंग्लिश कुटुंब आलं होतं. दादा आपणहून त्यांना सगळं दाखवायला लागला. स्वयंपाकघर इथे असणार, पाणी इथून वर घेत असणार, या खिडकीतून पहारेकरी बघत असणार. तासभर फिरवलं. मध्येच चुकला, तर थांबून म्हणाला, "सॉरी, परत सांगतो," आणि सगळ्यांना पुन्हा दारापासून सुरुवात करायला लावली!

जाताना बाईंनी विचारलं, "तुम्ही इथले गाइड का?"

"नाही, नाही," दादा म्हणाला. "माझा भाऊ येणार आहे. त्याच्यासाठी प्रॅक्टिस करतोय."

मी अजून तिथे गेलेलो नाही.