ऑपरेशनच्या आधीची उपकारस्तुती

माझ्या आईचा देवावर जेवढा विश्वास आहे तेवढा देवाचा तरी स्वतःवर असेल का, अशी मला शंका आहे. ती देवाकडे मागत नाही, त्याला कामं सांगते. सकाळी चहाचं आधण ठेवलं की तिची प्रार्थना सुरू होते. पाऊस कोणत्या शिवारात पाडायचा, कोणाच्या सुनेची कूस उजवायची, चर्चच्या पाळकसाहेबांचा उपदेश कुठे आखूड करायचा, हे सगळं ती त्याला नीट समजावून देते. शेवटचं 'आमेन' अशा आवाजात येतं की वाटावं, देव आता चप्पल घालून निघालाच.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते याच्या अगदी उलट. साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांची उभी हयात गेली. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचं आणि उपदेश सुरू झाला की डोळे मिटायचे. ते प्रार्थनेसाठी मिटलेले नाहीत, हे घोरण्यावरून सगळ्या मंडळीला कळायचं. देवाबद्दल त्यांचं मत वाईट नाही. साहेब मोठा आहे, उगाच सारखं त्याच्या केबिनमध्ये शिरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात तिसगावच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घरी येताना दादा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले ते उठेचनात. छातीवर कोणीतरी पोतं ठेवलंय असं म्हणत होते. मी शेवगावला शाळेत शिकवते, रजा टाकून आले आणि त्यांना नगरला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून तीन ठिकाणी फुल्या मारल्या. नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, म्हणाले.

दादांनी चित्र हातात घेऊन नीट पाहिलं. "आमी असल्या ट्यूबा सीझन संपला की रॉड घालून साफ करायचो."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," डॉक्टर म्हणाले.

"पर आमी आधी बॉयलर बंद करून थंड करायचो. तुमी कसं करता?"

"आम्हीही हृदय थोडा वेळ थांबवतो. तोवर मशीन काम करतं. जोडणी झाली की परत सुरू करतो."

दादांनी चित्र टेबलावर ठेवलं. परतीच्या वाटेवर करंजी घाटातसुद्धा गप्प. एरवी त्या घाटात ते प्रत्येक ड्रायव्हरची चूक काढतात.

आईचं मात्र काम सुरू झालं होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. घरात दुखणं बरं झालं, पोरगं पास झालं, विहिरीला पाणी लागलं, की मंडळीला घरी बोलावून उपकारस्तुती करायची. भजनं, प्रार्थना, साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उठून सांगणं, आणि मग ज्यासाठी निम्मी मंडळी येते ते मटण. रीत साधी आहे. आधी गोष्ट घडते, मग देवाचे उपकार मानायचे.

ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाची काही विनंती? कोणाची उपकारस्तुती?" आई उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आमच्या घरी उपकारस्तुती हाय. प्रभूनं ह्यांचं ऑपरेशन लई चांगलं केलं. समद्यांनी जेवायलाच या."

सगळी मंडळी मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघू लागली. दादा तिथे बसले होते, अंगाला एक टाका न पडलेले.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत. ते चाचरत म्हणाले, "मावशी, ऑपरेशन व्हायचंय ना अजून?"

"तुमच्यासाठी व्हायचंय. माझ्यासाठी झालं."

बायकांच्या बाजूने दणदणीत 'आमेन' आलं. मी कपाळाला हात लावला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, इथे तर तुरी पेरल्यासुद्धा नव्हत्या.

पुढे व्हायचं तेच झालं. दादांची साखर वाढली. ती आटोक्यात येईपर्यंत हात लावणार नाही, असं दवाखान्यातून सांगण्यात आलं, आणि नवी तारीख पडली ती उपकारस्तुतीच्या रविवारनंतरच्या मंगळवारची. म्हणजे मंडळी रविवारी येऊन ज्या ऑपरेशनचे उपकार मानणार, ते मंगळवारी होणार. मी आईला म्हटलं, कार्यक्रम पुढे ढकल.

"डॉक्टरनं ऑपरेशन पुढं ढकललंय," आई म्हणाली. "उपकार पुढं ढकलायला कुनी सांगितलंय?"

"अगं, लोक हसतील."

"हसू दे. आन बोकड आलाय त्याचं काय करू? त्याला सांगू का, बाबा, तुझी बी तारीख पुढं गेली?"

बोकड दादांच्या खाटेजवळ बांधला होता. दिवसभर एकत्र बसून दोघांची चांगली गट्टी जमली होती. दोघांनाही तारीख दिलेली होती, त्यामुळे असेल.

रविवारी सकाळी शेजारच्या गल्लीतले मटणवाले चाचा आले. त्यांचा आणि दादांचा जुना घरोबा. सुरीला धार लावता लावता त्यांनी विचारलं, "भाभी, आपरेशन झालं का मग चांगलं?"

"परवा हाय."

चाचांचा हात थांबला. "मग ह्यो बोकड कशाचा?"

"इस्वासाचा."

चाचांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा दादांकडे. "आमच्यात आधी काम हुतं, मग बोकड," ते म्हणाले. "पर तुमची वळख दांडगी असंल."

दुपारी अंगणात मांडव पडला, सतरंज्या पसरल्या, पेटी आणि ढोलकी आली. दादांना मधोमध खुर्चीत बसवून गळ्यात झेंडूचा हार घातला. मग साक्षी सुरू झाल्या. लोक आले होते बऱ्या झालेल्या माणसासाठी आणि समोर बसला होता आजारी माणूस. त्यामुळे काय बोलावं ते कोणाला उमगेना, आणि ज्याला त्याला येत होतं ते भाषण म्हणजे मयतीचं. एकाने दादांचा प्रामाणिकपणा सांगितला. दुसऱ्याने त्यांचा कष्टाळूपणा. कारखान्यातले जुने सोबती तर बोलता बोलता रडायलाच लागले, "असा गडी परत व्हनं न्हाई." दादा हार सावरत म्हणाले, "आरं, गडी हितंच बसलाय." कोणी ऐकलं नाही. आपल्या पश्चात लोक काय बोलतील ते ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट असली, तरी माणसाचं तोंड त्यात उतरतं. मी बघत होते, दादांचं तोंड उतरत चाललं होतं.

त्यात पथ्यामुळे त्यांच्या ताटात दुधी भोपळा पडणार होता. स्वतःच्या उपकारस्तुतीत दुधी भोपळा खाणारा तिसगावच्या पंचक्रोशीतला हा पहिलाच माणूस असेल.

पंगत बसायच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण यांचीच साक्ष ऐकू." दादा आयुष्यात कधी साक्षीला उभे राहिले नव्हते. आज उठले.

"मंडळी," ते म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालं असं तुमी समद्यांनी आत्ता देवाला सांगितलं. पेटी वाजवून सांगितलं. आता मी परत नगरला गेलो तर देवाला वाटंल, ह्यांनी मघाशी खोटं सांगितलं. मला देवाला फसवायचं न्हाई. म्हनून मी मंगळवारी जानार न्हाई."

आणि बसले. सवयीने कोणीतरी 'आमेन' म्हणालं, मग घाईने खोकलं. आईच्या हातात भाकरीची टोपली होती. टोपली धरून ती जागच्या जागी उभीच.

जेवणं झाली, कारण मटण वाया घालवायची आमच्या मंडळीत पद्धत नाही. पण हात धुऊन लोक लगेच निघाले. पाळकसाहेबांनी दादांना बराच वेळ समजावलं. देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो, असं ते म्हणाले. दादा म्हणाले, "करतो की. पर काम झालंय ना?" मीही भांडले. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, ते डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं परत सांगितलं. दादांनी ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. आईनेच त्यांना कारण हातात आणून दिलं होतं आणि आता ते सोडायला तयार नव्हते.

ऊन कलल्यावर अंगणात आम्ही तिघंच राहिलो. आई मोठं पातेलं राखेने घासत होती. इतकं घासलं की त्याचा तळ निघतो की काय, असं वाटायला लागलं. मग तिने घासणी टाकून दिली.

"मला भ्या वाटत हुतं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळेना, कारण बघत ती पातेल्यात होती. "इस्वास कुठला आलाय! मला वाटलं, चारचौघांत सांगून टाकावं. एवढ्या लोकांम्होरं सांगितलं म्हंजी देवाला मागं फिरता येनार न्हाई."

दादा खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी तू देवाला कोंडीत धरलं?"

"व्हय."

"बोकड कापून?"

"व्हय, बोकड कापून. हसा तुमी."

दादा हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. "समद्या गावाला बोलावलंस," ते म्हणाले. "समद्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. पर मला तू येकदा तरी इचारलंस का, की तुमाला भ्या वाटतंय का म्हनून?"

"न्हाई."

"लई वाटतंय. बॉयलर बंद करून परत पेटवताना दर वेळी माझं काळीज तोंडाशी यायचं. अन् तो तर लोखंडाचा हुता."

आई उठली. राखेचे हात तसेच, जाऊन त्यांच्या खुर्चीला खेटून जमिनीवर बसली आणि रडली. माझी आई रडताना मी फार पाहिलेली नाही. ती रडण्यापेक्षा प्रार्थना करते. दादा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी पातेलं उचलून आत गेले, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

मी स्वयंपाकघरात असताना दादांचा आवाज आला. "जाऊ मंगळवारी. पर येक सांगतो. तिथं मंडळीला फोन लावत हिंडायचं न्हाई. माझ्यापशी बसायचं."

मंगळवारी सकाळी नगरच्या दवाखान्यात आई खरंच त्यांच्याजवळ बसली. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी घातला होता. तिकडे गावात उपास मांडून बसलेल्या मंडळीतल्या बायका काय झालं असेल या काळजीने हैराण झाल्या असतील, पण आईने त्यांना देवावर सोडलं होतं. दादांचा हात हातात घेऊन ती गप्पा मारत होती. कोणाची म्हैस व्यायली, कोणाचं लग्न मोडलं. देवाचं नाव नाही.

आत न्यायच्या आधी नर्स आली. अंगठी काढा, करदोडा काढा. मग तिने विचारलं, "दात खरे आहेत ना?"

दादांनी छताकडे पाहिलं. वरचे खालचे सगळे दात कवळीचे, आणि ती गोष्ट घरात आई सोडून कोणी बोललेलंसुद्धा त्यांना चालत नाही. बोळक्या तोंडाने ते आजपर्यंत माझ्यासमोर आलेले नाहीत. आई पुढे झाली, दादांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली, आणि दात काढून घेऊन रुमालात बांधले. मग स्ट्रेचर हललं. दादांनी तोंड दाबून धरलं होतं. त्यांना काही बोलायचं होतं की नाही, कोण जाणे. दार बंद झालं.

आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, आता आईची प्रार्थना सुरू होईल आणि शेजारच्या बाकावरचे लोक उठून जातील. मी मनाची तयारी केली होती. आईने डोळे मिटले. रुमाल दोन्ही हातांत छातीशी धरला होता.

"देवा," ती म्हणाली, "दात माझ्यापशी हायेत. बाकीचा मानूस परत दे. आमेन."

एवढंच. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. मग मीही 'आमेन' म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालं, हृदय परत सुरू झालं, उद्या भेटता येईल, म्हणाले. आईने मान हलवली. रुमालावरची मूठ मात्र सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दादांच्या तोंडातली नळी काढल्यावर नर्सने आम्हाला आत सोडलं. दादा जागे होते. आम्हाला बघताच त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी पुढे निघाले तर आईने मला हाताने मागे सारलं. मी त्यांची मुलगी, पण माझ्याकडे पाठ करून तिने रुमाल काढला आणि पदर उभा धरला, सगळी खाट झाकेल असा.

"थांब जरा," पदराआडून ती म्हणाली. "मानूस पुरा होऊ दे."