झाकण न उघडता पसंत केलेली किल्ली

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार बोरीच्या शाळेतल्या गुरुजींचे. मेंढरांमागून उठवून त्यांनी मला पाटीसमोर बसवलं, म्हणून आमच्या घरातला मी पहिला बी.ए. झालो. हैदराबादेहून परतलो तेव्हा परभणीच्या क्लबातल्या कारकुनीसाठी त्यांनीच वकीलसाहेबांकडे शब्द टाकला. वकीलसाहेब क्लबाचे चिटणीस. जागा देणं त्यांच्या हातात.

क्लबात पियानो होता. वाजवता कुणालाच येत नसे, पण तार तुटल्याचं दुःख सगळ्यांना झालं, कारण जिल्ह्याचे हाकिम तालुकदारसाहेब यांच्या बेगमसाहेबा येणार होत्या आणि त्या वाजवतात अशी बातमी होती. नवी तार ताणायला खुंटी पिळायची खास किल्ली लागते. हैदराबादच्या दुकानदाराने दोन किल्ल्या नमुन्याला पाठवल्या. त्या पारखायला कमिटी बसली: वकीलसाहेब, कापसाचे एक शेटजी आणि लिहून घ्यायला, जागा अजून पक्की न झालेला मी.

शेटजींनी तराजू मागवला. "ही लय जड हाय. माल भरून घातलाय."

वकीलसाहेबांना तिची शिसवी मूठ आवडली. डब्यात मखमलही निघाली. मग काय, पसंतच!

मी विचारलं, "साहेब, एकदा खुंटीला लावून बघू या का?"

दोघांनी पियानोकडे पाहिलं. झाकणावर हुजूरांची, म्हणजे खुद्द निजामांची तसबीर होती.

"तसबीर हलवणार कोण?" वकीलसाहेब कुजबुजले.

"बी.ए. झाला म्हणून हुजूरांना उठवायलाय की काय!" शेटजी म्हणाले.

मी तसबिरीला आदाब केला, ती दोन्ही हातांनी खुर्चीवर ठेवली आणि झाकण उघडलं. जड किल्ली खुंटीवर नुसतीच गरगरली. हलकी गच्च बसली, खुंटी वळलीही.

"पण जड ती जडच की," शेटजी म्हणाले.

"लिहा. जड किल्ली एकमताने पसंत," वकीलसाहेबांनी सांगितलं.

मी लिहिलं, 'जड किल्ली खुंटीवर बसत नाही.' वकीलसाहेबांनी वाचलं, कागद फाडला आणि म्हणाले, "क्लबाला अदब असलेला कारकून लागतो."

त्याच संध्याकाळी मी पत्र टाकलं:

"गुरुजींच्या चरणी साष्टांग नमस्कार. जागा मिळाली नाही. तुमचा शब्द खाली पडला, याचंच वाईट वाटतं. पण ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढायची नाही, ही सवय तुमचीच. जड किल्ली मखमलीत आहे, तार तुटलेलीच आहे. तसबीर मी जागेवर ठेवून आलो. आपल्या शाळेत मास्तर हवा असेल तर कळवावं."