पत्र्यामागची भेग

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या गटाचा प्रकल्प होता. खोदकाम चालू असताना मातीला आधार देणारी भिंत नेमकी कशी कोसळते, ते पाहायचं. काचेच्या मोठ्या पेटीत किंचित ओलसर वाळू भरली होती आणि मधोमध ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा उभा केला होता. तो पत्रा म्हणजे आमची भिंत. त्याच्या पुढची वाळू थराथरानं काढायची आणि पत्रा किती कलतो ते बघायचं.

मला वाटलं होतं, पत्रा हळूहळू वाकेल, सावध व्हायला वेळ देईल. पण बराच वेळ तो हललाच नाही. मग मागच्या वाळूवर, पत्र्याला समांतर, केसाएवढी भेग उमटली. "मॅडम, हे बघा," म्हणेपर्यंत पत्रा आडवा झाला आणि वाळू खड्ड्यात गेली. मी दचकून मागं सरले. मैत्रिणी खो खो हसल्या.

त्याच आठवड्यात सुट्टीला घरी, नळदुर्गला गेले. हायवेलगत चुलत्यांच्या ढाब्यामागं हौदासाठी खड्डा खणला होता. पुरुषभराहून खोल, कडा सरळ उभ्या. ढाब्याकडच्या बाजूला जुने पत्रे आणि बांबू टेकवलेले. माझे वडील, अप्पा, तळाशी उतरून माप घेत होते. मी शिडीपाशी उभी राहून समोर पाहिलं. पत्र्यांमागच्या काळ्या मातीत, काठाला समांतर, तशीच भेग.

"अप्पा, वर या!"

"आलो, एवढं माप घिऊन..."

"माप राहू द्या! आधी वर या!"

त्यांच्यावर मी कधीच ओरडले नव्हते. ते रागानंच शिडी चढले. "लई शिकलीस व्हय गं?" म्हणत काठावर पाय टेकला, आणि पाठीमागं धप्प असा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं तर खड्डा अर्धा भरलेला, शिडीचं नुसतं टोक वर.

चुलते अप्पांना हाका मारत धावत आले. अप्पा माझ्याजवळच उभे होते, पण चुलत्यांची नजर खड्ड्यावरच खिळली होती. "हितं हाय म्या," म्हणत अप्पांनी त्यांचा खांदा धरला.

हौद पुढं जमिनीच्या वरच बांधला. त्या दुपारी मात्र ताटावर बसल्यावर अप्पांचा घास हातातच राहिला.

"तुला दिसलं कसं गं?" त्यांनी विचारलं.

मी ताटातल्या भातात पापडाचा तुकडा उभा खोचला आणि त्याच्या पुढचा भात थोडा थोडा काढू लागले.