मावशीचा शेक

आमच्या मावशीच्या मते जगात सजीव-निर्जीव असा भेद नाहीच. थंडी वाजली की सांगणारे आणि मुकाट सोसणारे, एवढ्याच दोन जाती. सांगणाऱ्यांकडे जग बघतं, म्हणून सोसणाऱ्यांचा भार तिने उचलला आहे. दिवाळी सरली की धरमपेठेतल्या तिच्या घरी गॅस सिलिंडरला काकांचा जुना स्वेटर चढतो, स्कूटरवर गोधडी पडते आणि अंगणातल्या नळाला पायमोजा. नळाला मोजा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "काहून म्हणजे? हात लावून पाह्य त्याले, कसा गारठून राहिला!" सकाळी काका स्कूटरला किका मारून घामाघूम होतात आणि ही ओसरीतून ओरडते, "अवो, तिले आधी ऊन तर लागू द्या!"

खरं सांगायचं तर नागपूरच्या थंडीत गोठतं ते एकटं खोबरेल तेल. पण त्याबाबत मावशीचं शास्त्र कडक: झाकण सैल करायचं, बाटली कोमट पाण्यात उभी करायची आणि वाट बघायची. एकदा काकांनी घाईघाईत बाटली थेट गॅसवर धरली. बाटलीचं बूड गेलं, तेल ओट्यावर गेलं, आणि काका आठवडाभर कोरड्या डोक्याने हिंडले. "जाळानं वस्तू बिघडते, शेकानं मोकळी होते," हे वाक्य तेव्हापासून ती मुद्दाम काकांच्या देखत म्हणते.

यंदा मात्र मावशी स्वतःच सोसणाऱ्यांत गेली होती. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, कॅनडात बाळंत झाली आणि मावशीचा व्हिसा काही आला नाही. डिंकाचे लाडू, ओव्याची पुरचुंडी, बाळाच्या टाळूसाठी तेल, सगळं भरलेली बॅग पलंगाशेजारी तशीच उभी होती. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून झालं नाही, हे तिला आतून खात होतं. फोनवर शेक-शेगडीचा विषय निघाला की बहीण म्हणायची, "आई, इकडे असलं कोणी करत नाही. मी ठीक आहे." मावशी बरं म्हणायची आणि अंगणात जाऊन नळाचा मोजा उगाच नीट करायची. मला ते बघवत नसे.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. रात्रीच्या थंडीने स्वयंपाकघरातला पाइप गोठला होता, जावई कामासाठी परगावी, प्लंबर दुपारशिवाय येणार नव्हता, आणि खांद्यावर तान्हं बाळ. बाळाच्या बाटल्या धुवायलाही पाणी नव्हतं. बहीण रडकुंडीला आली होती. "मी सरळ लायटर लावते पाइपाला," ती म्हणाली.

मावशी ताडकन उठली. "खबरदार! बाबाची तेलाची बाटली आठव. आधी तोंड उघड."

"कोणाचं?"

"नळाचं वं!"

बाळाला पाळण्यात ठेवून, केस वाळवायचा ड्रायर घेऊन बहीण सिंकखालच्या कपाटात शिरली. मावशीने माझ्या हातात फोन दिला आणि समोर मांडी घालून बसली. "नळाकडून सुरू कर, मंग हळूहळू मागं जा. एका जागी नको धरू, पोळते त्याले." बराच वेळ काहीच झालं नाही. मावशी आता पाइपाचीच समजूत काढत होती, "हो बाप्पा मोकळा, हो." शेवटी नळ खाकरला, थुंकला आणि धार लागली. काकांनी टाळ्या वाजवल्या.

बहीण मात्र उठली नाही. विस्कटलेल्या केसांनी तशीच फरशीवर बसून राहिली, ड्रायर हातातच. मग हळूच म्हणाली, "आई, माही कंबर लय दुखून राहिली वं." इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून मी आमची बोली ऐकत होतो.

मावशी फोनजवळ सरकली. मग म्हणाली, "पाणी गरम कर. पिशवीत भर, टॉवेल गुंडाळ, अन् पाठ कर माह्याकडे."

थोड्या वेळाने बहीण पाठमोरी बसली. कुठे शेकायचं ते मावशी सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा तळहात फोनच्या काचेवरून, लेकीच्या पाठीवरून, वरून खाली फिरत होता. फोन हलू नये, एवढीच मी काळजी घेतली.