मी पाय उचलले नाहीत

“सरू, आलीच हाईस तर जरा हॉल झाडून घे.”

अप्पांनी हे माईकवर म्हटलं. भाषण संपल्यावर माईक बंद करायचा राहिला होता, म्हणून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. बंद असता तरी त्यांनी हेच म्हटलं असतं, एवढ्याच आवाजात. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

सरू म्हणजे माझी आई. वय अप्पांच्या बरोबरीचं. ती त्यांना मालक म्हणते. ते तिला अगं-तुगं करतात.

हॉल व्यापारी मंडळाचा. अप्पा मंडळाचे अध्यक्ष, पेठेत त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. बैठक पेठेच्या सुधारणेची होती. चहा-समोसे झाले होते. फरशीवर कागदी कप, समोशाचा चुरा. महापालिकेचे मोठे साहेब आता येणार होते आणि अप्पांना फरशी स्वच्छ पाहिजे होती. हॉलमध्ये एवढी माणसं. दुकानातले नोकर होते, चहावाला होता. अप्पांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि बरोबर आईवर येऊन थांबली.

आई उठली. पदर खोचला. कोपऱ्यात केरसुणी उभी होती ती घेतली.

ती केरसुणी आईनंच बांधलेली. बुडाशी मागच्या दिवाळीचं कुंकू अजून चिकटलेलं.

आता हे कुंकू काय ते सांगते. आम्ही मातंग. पेठेत आम्हाला काय म्हणतात ते लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. आमच्या बाया शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधतात. पानं आजोळाहून, मुखेडच्या ओढ्याकाठून येतात, एसटीच्या टपावर. वाळवायची, चिरायची, बुडाशी दोरीनं आवळायची. शिंदीच्या पानाला टोकाशी काटा असतो. आईच्या बोटांची टोकं बारा महिने फुटलेली. लक्ष्मीपूजनाला प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात नवी केरसुणी लागते. तिला झाडू म्हणत नाहीत त्या दिवशी. लक्ष्मी म्हणतात. भाव करत नाहीत. पाय लागला तर नमस्कार करतात. पाटावर ठेवतात, हळदी-कुंकू वाहतात, पैशांशेजारी बसवतात. आणि दिवाळी सरली की तिनंच उष्टं-खरकटं झाडतात.

लहान होते तेव्हा मी आईबरोबर केरसुण्या वाटायला जायची. आई दुकानाच्या खालच्या पायरीवर केरसुणी ठेवायची आणि मागं सरायची. मालक केरसुणीवर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. मला वाटायचं ती पूजेचीच रीत. एका दिवाळीला अप्पांच्या दुकानात पाट मांडलेला होता, रांगोळी होती, समया लावलेल्या होत्या. मला वाटलं, लक्ष्मी हाय ना, मग पायरीवर कामून ठेवायची? मी धावत आत गेले आणि केरसुणी सरळ पाटावर नेऊन ठेवली. चांगलं काम केलं म्हणून मागं वळून आईकडं बघितलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अप्पांनी मला मारलं नाही. ओरडलेसुद्धा नाहीत. नोकराला म्हणाले, “पाट धू. पायऱ्या बी धू. आन दुसरी आण.” माझ्या अंगावर पाणी उडालं. नवा फ्रॉक भिजला. आईनं दुसरी केरसुणी खालच्या पायरीवर ठेवली. अप्पांनी पाणी शिंपडलं, उचलली, त्याच ओल्या पाटावर बसवली आणि हात जोडले. गल्ल्याच्या मागं भिंतीवर ज्या महात्म्याची तसबीर होती, त्यानं माणसाच्या कष्टालाच देव म्हटलेलं आहे. हे मला पुढं कॉलेजात कळलं. अप्पांना कळायचं अजून बाकी आहे.

तर ही आमची पेठ. लातूरची. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बाकीच्या पेठा सुटल्यासारख्या होतील. पेठेच्या तोंडाशी, बंद पडलेल्या टॉकीजच्या भिंतीला लागून आई बसते. तिच्या शेजारी राधामावशी, पलीकडं शेवंताकाकी. त्यांच्या आयांपासूनची ती जागा. खाली पोतं, मागं भिंत, पुढं केरसुण्या. एवढीच.

पेठ सुधारली पाहिजे असं आम्हीच आधी ओरडत होतो. मी आणि माझे सोबती पत्रकं काढतो, चौकात वाटतो. नालीवर झाकण पाहिजे, बायकांना मुतारी पाहिजे, चालायला फुटपाथ पाहिजे, असं आमच्या पत्रकात होतं. आईसारख्या बाया सकाळी बसतात त्या संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत ते कुठल्याही बाईला विचारा. म्हणून बैठकीचं बोलावणं आलं तेव्हा मला आनंद झाला होता. ‘पेठेतील सर्व घटकांनी उपस्थित राहावे.’ आम्ही घटक. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

दारातच वाटणी झाली. अप्पा मला म्हणाले, “तू शिकलेली हाईस, तू वर बस खुर्चीवर.” आईला, राधामावशीला, शेवंताकाकीला सतरंजी दाखवली. दाराजवळ, चपलांच्या शेजारी. पुढच्या ओळीत खुर्च्या रिकाम्या होत्या. मी आईला म्हटलं, वर ये. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. हितं वारं लागतंय.” वारं लागत नव्हतं.

मग पुण्याहून आलेल्या सल्लागारानं पडद्यावर पेठ दाखवली. आम्ही ओळखलीच नाही. झाडं, बाक, फरश्या, मधोमध कारंजं. ज्या गावात नळ कधी येईल ह्याचा नेम नाही, त्या गावात कारंजं. चित्रातली माणसं गोरी, अंगात कोट. एक बाई कुत्र्याला साखळीनं फिरवून राहिली होती. राधामावशी मोठ्यानं म्हणाली, “ही कोणाची सून म्हनायची?” मागच्या बाजूला लोक हसले. सल्लागारही हसला. भला माणूस असावा. त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

टॉकीजच्या भिंतीपाशी चित्रात फुलझाडांचा वाफा होता.

आई उभी राहिली. ती अशी कुठं बोलत नाही. हात जोडूनच म्हणाली, “मालक, तितं आमी बसतो. आमी कुठं बसायचं?”

सल्लागारानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी माईक घेतला. “नाल्यापलीकडं जागा ठेवलीय ना तुमच्यासाठी. ऐसपैस हाय. आन आमी काय बेइमान न्हाई, सरू. दिवाळीचे तीन दिवस हितंच बस. पूजेला लागतंय ना सगळ्यांला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. अप्पांच्या मोठ्या मनाला.

नाल्यापलीकडं कोण जातं? कचऱ्याच्या गाड्या जातात. गिऱ्हाईक तिकडं पायानं जात नाही आणि गाडीवरून केरसुणी कोणी बघत नाही. बाकी वर्षभर आईनं तिथं बसून माशा मारायच्या आणि दिवाळीला तीन दिवस ह्यांच्या पूजेपुरतं माणूस व्हायचं. आई खाली बसली. मग चहा आला, समोसे आले. मग ते वाक्य आलं, ज्यानं मी हे लिहायला सुरुवात केली.

आई झाडत होती. मागच्या ओळीपासून. खुर्च्यांवरची माणसं पाय उचलत होती. कोणी बोलणं थांबवलं नाही. कोणी फोनवरून नजर काढली नाही. केरसुणी आली की पाय वर, गेली की पाय खाली. पाण्याच्या टाकीचा बॉल जसा आपोआप वर येतो, तसे. ह्या पायांना कोणी शिकवलं नव्हतं. ह्यांच्या बापांचे पाय असेच वर गेले असतील.

केरसुणी माझ्या खुर्चीपाशी आली.

मी पाय उचलले नाहीत.

केरसुणी माझ्या घोट्याला लागली. आई वाकलेलीच होती. म्हणाली, “पाय घे.”

मी म्हटलं, “न्हाई.”

तिनं वर बघितलं. ती माझ्यावर चिडली नव्हती. भ्याली होती. तेच भेव होतं, पाट धुतला त्या दिवसाचं.

“आई, ठेव ती केरसुणी.”

“गप. झालंच आता.”

पुढून अप्पा म्हणाले, “काय गं पोरी, पाय उचल की. आईला तरास कशाला देतीस?”

मी उठून उभी राहिले, पण पाय जागचे हलवले नाहीत. म्हटलं, “अप्पा, तिला बैठकीला बोलावलं होतं. झाडायला न्हाई. झाडायचं असंल तर केरसुणी तुमच्या लेकाकडं द्या, तो बी आलाच हाय.”

अप्पांचा लेक माझ्याच ओळीत होता, त्याचे पाय अजून अधांतरी होते. ते त्यानं हळूच खाली ठेवले. अप्पा म्हणाले, “शिकली म्हणून खुर्ची दिली, तर डोक्यावर बसाया लागली.”

आईनं काय केलं? माझ्या पायांभोवतीनं झाडलं. वळसा घालून गेली आणि पुढची ओळ घेतली. साहेब आले तेव्हा हॉल लख्ख होता. फक्त माझ्या खुर्चीभोवती समोशाचा चुरा तसाच होता. साहेबांनी तो बघितला, मला बघितलं आणि पुढं गेले. मी बैठक संपेपर्यंत त्या चुऱ्यात पाय रोवून बसले.

घरी आल्यावर आई तुटून पडली.

“माझ्या पोटावर कामून उठलीस? तीन दिवस तरी देऊन राहिले होते. आता ते बी जातेत. तुझं काय, तू पत्रक वाटशील. मी काय वाटू?”

मी ओरडले नाही. सांगितलं की तीन दिवसांची जागा म्हणजे जागा नाही, ती पाटावरची जागा आहे. पूजा झाली की उचलून कोपऱ्यात. ती म्हणाली, ते मला ठाव हाय, तू जन्मायच्या आधीपासून ठाव हाय. आणि भाकरी थापायला बसली. नेहमीपेक्षा जोरात थापत होती.

मी पत्रक लिहिलं. आम्हाला शिकवलंय तसं लिहिलं, जोरकस, मोठ्या शब्दांचं. आई म्हणाली, वाच. वाचलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “ह्यात समदं हाय. शोषन हाय, वेवस्था हाय. भिंतीपाशी मी बसलेली हाय का?”

नव्हती. मग दुसरं लिहायला घेतलं. तेच तुम्ही आता वाचताय.

पुढच्या आठवड्यात महापालिकेची माणसं चुन्याची फक्की घेऊन आली. पेठेच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या रेघा ओढत टॉकीजपाशी पोचली. आई पोत्यावर बसली होती, पाय पुढं पसरून, नेहमीसारखी. दोन्ही बाजूंना राधामावशी आणि शेवंताकाकी. फक्कीवाला आमच्याच वस्तीचा निघाला. खाली मान घालून म्हणाला, “मावशी, पाय घ्या जरा. रेघ मारायची हाय.”

अप्पा समोर दुकानाच्या वरच्या पायरीवर उभे होते. बघून राहिले होते.

आईनं पाय घेतले नाहीत.

“मावशी.”

“मार रेघ. मी हालत न्हाई. तुजं काम तू कर, माजं मी करून राहिले.”

तो थांबला. मुकादम ओरडला. तेव्हा त्यानं हात हलवला आणि फक्की आईच्या नडग्यांवरून, पावलांवरून पुढं गेली. रेघ पूर्ण झाली. मधला तुकडा तेवढा माझ्या आईच्या पायांवर होता. राधामावशीनं आपले दुमडलेले पाय सोडले आणि पुढं पसरले. मग शेवंताकाकीनं.

अप्पा पायरी उतरून आले. आवाज गोड केला. “सरू, पोरीच्या नादी लागून नुकसान करून घेऊ नको. दिवाळी तोंडावर आली.”

आई बसूनच बोलली. पहिल्यांदा बसून बोलली त्यांच्याशी. “मालक, यंदा ह्या पेठेला लक्ष्मी मिळनार न्हाई. मी बांधीन. मुखेडच्या बाजारला नीन, लोह्याला नीन. तुमच्या पायरीवर न्हाई ठेवनार.”

अप्पा हसले. “मॉलमध्ये प्लास्टिकचे झाडू लई मिळतेत.”

“मग ते पुजा,” आई म्हणाली.

ते पुजतील, मला माहीत आहे. प्लास्टिकच्या झाडूला, किमतीच्या स्टिकरवरच कुंकू लावतील, पण आमच्या पोत्याला जागा देणार नाहीत. आमच्या न विकण्यानं पेठ बंद पडणार नाही. मुखेडच्या बाजारात पेठेएवढं विकलंही जाणार नाही. आईनं हे सगळं माझ्या आधी हिशेबात धरलेलं होतं. तरी ती बोलली.

पाय तिनं दिवसभर धुतले नाहीत. संध्याकाळी तशीच, पांढऱ्या पायांनी, पेठेच्या मधोमध चालत घरी आली.

आता उखडायला जेसीबी येणार आहे. कधी येणार ते आम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून आम्ही रोज बसणार. आई, राधामावशी, शेवंताकाकी आणि त्यांच्या रांगेत आता मी. नालीला झाकण घाला, आम्ही दगड उचलू लागू. मुतारी बांधा, फुटपाथ करा. पण त्या फुटपाथवर, ह्याच भिंतीपाशी, आमची पोती आखून द्या. बारा महिन्यांची. तीन दिवस परत घ्या, ते आम्हाला नकोत.

आणि यंत्रावर बसलेल्या माणसाला मी आत्ताच सांगून ठेवते. तो म्हणेल, पाय घ्या. पाय तिथंच असतील.